ऑटिझम असलेल्या मुलाची भीती: निदानाच्या कागदावर न आलेला आजार

तुमच्या मुलाला किंवा मुलीला ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, आहे हे कळून आता काही वर्षे झाली असतील. स्पीच थेरपी झाली, ऑक्युपेशनल थेरपी झाली, मूल बोलू लागले, शाळेत बसू लागले. आणि सातव्या-आठव्या वर्षी नवेच काही सुरू झाले. सकाळी शाळेची व्हॅन दारात आली की पोट दुखते. एकच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो. पाहुणे येणार म्हटले की रात्रभर झोप नाही. रिक्षा रोजच्या रस्त्याने न जाता दुसरीकडून वळली तर किंचाळणे, चावणे. नातेवाईक म्हणतात, लाडाने हट्टी झालाय. दवाखान्यात विचारले तर बहुतेकदा उत्तर मिळते, "ऑटिझममध्ये असे होतेच."

हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये असे वारंवार दिसते, हे खरे. पण वर सांगितलेल्यातले बरेचसे ऑटिझम नसून चिंताविकार असतो. तो ऑटिझमच्या जोडीने येणारा वेगळा आजार आहे आणि त्याला वेगळा उपचार आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ मध्ये ३१ अभ्यासांतील दोन हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून पाहिली. ऑटिझम असलेल्या सुमारे ४० टक्के मुला-किशोरांमध्ये किमान एक चिंताविकार आढळला. सर्वांत जास्त होती एखाद्या ठराविक गोष्टीची तीव्र भीती. त्यानंतर लोकांमध्ये मिसळण्याची भीती आणि मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. दहापैकी चार हे प्रमाण "होतेच" म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

ही चिंता कुणाच्याच नजरेत का येत नाही?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील पालकांच्या बाबतीत याचे एक कारण कागदोपत्री आहे, आणि ते समजून घेणे तुमच्या फायद्याचे आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि त्यात ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली. तेव्हापासून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळवणे हा प्रत्येक कुटुंबाचा पहिला मोठा टप्पा झाला आहे. ते मिळवायलाच हवे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, एसटीच्या प्रवासात ७५ टक्के सवलत आहे, पुढे दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मागता येतो.

मात्र ही टक्केवारी काढण्यासाठी जी प्रश्नावली वापरतात, ती 'इसा' या नावाने ओळखली जाते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली. तिच्यात ४० मुद्दे आहेत: सामाजिक संबंध, भावना, भाषा, वर्तन, संवेदना आणि आकलन. भावनांच्या भागात "धोक्याची भीती वाटत नाही" असा मुद्दा आहे. "उघड कारण नसताना उत्तेजित किंवा अस्वस्थ होतो" असाही आहे. पण मूल कशाला घाबरते, किती घाबरते, त्या भीतीमुळे काय काय करायचे टाळते, हे विचारणारा मुद्दा नाही. प्रश्नावलीचा हा दोष म्हणता येणार नाही, कारण ती ऑटिझम मोजण्यासाठीच आहे. अडचण अशी की आपल्याकडे पुष्कळ मुलांची ही एकच सविस्तर तपासणी होते. "उघड कारण नसताना" या रकान्यात खूण पडली की ते कारण शोधायला पुढे कोणी बसत नाही. मुलाला कारण असते. ते उघड नसते, इतकेच.

दुसरे कारण वयाचे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले येतात, पण जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांचा सगळा भर पहिल्या सहा वर्षांवर आहे, आणि तो तसाच असायला हवा. चिंता मात्र ठळकपणे दिसू लागते ती त्यानंतर, शाळा अवघड होऊ लागते तेव्हा. तोवर कुटुंब त्या केंद्रातून बाहेर पडलेले असते.

आणि मानसिक आरोग्याची जी सरकारी व्यवस्था मराठवाड्यात गावापर्यंत पोहोचली, ती मुलांसाठी नव्हतीच. २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आला तो शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी. विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत नांदेड आणि लातूर दोन्ही आहेत. त्या कामाची गरज होती आणि आहे. पण घरातल्या मोठ्या माणसाच्या मनाची विचारपूस होते आणि त्याच घरातल्या दहा वर्षांच्या, ऑटिझम असलेल्या मुलाची होत नाही, असे चित्र आजही आहे.

सीबीटी म्हणजे काय, आणि या मुलांना ती चालते का?

सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर एकत्र काम करणारी मानसोपचार पद्धत. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आणि ठाण्याच्या आयपीएच संस्थेसारख्या ठिकाणांहून ती हजारो मराठी कुटुंबांपर्यंत गेली. सीबीटी ही तिचीच जवळची नातेवाईक. मूळ सूत्र सोपे आहे: घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला अंदाज आपल्याला जास्त घाबरवतो, आणि ज्याला घाबरतो ते टाळत राहिलो की भीती वाढते.

मग ऑटिझम असलेल्या मुलांचे काय? त्यांना तर "तुला काय वाटते?" या प्रश्नाचेच उत्तर देणे अवघड जाते. म्हणूनच बरीच वर्षे तज्ज्ञसुद्धा म्हणत, या मुलांना बोलण्याची थेरपी नको. हा समज आता मागे पडला आहे. अमेरिकेत ७ ते १३ वर्षांच्या १६७ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीची सीबीटी, दुसऱ्याला ऑटिझमसाठी बदललेली सीबीटी, तिसऱ्याला परिसरात जे उपचार मिळतील ते. १६ आठवड्यांनंतर सीबीटीचे दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे निघाले, आणि बदललेल्या सीबीटीचा गट सर्वांत पुढे होता. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य मार्गदर्शक संस्थेनेही २०१३ पासून, ज्यांना बोलण्या-समजण्याची पुरेशी क्षमता आहे अशा मुलांसाठी बदललेली सीबीटी सुचवली आहे.

बदल कोणते? आधी भावना ओळखायला शिकवणे. बोलण्यापेक्षा चित्रे, तक्ते, लिहिलेली वाक्ये जास्त. मोकळ्या प्रश्नाऐवजी "यातले कोणते?" असे पर्याय. मध्ये मध्ये विश्रांती. आई-वडील खोलीबाहेर न बसता आत. आणि मुलाला ज्या गोष्टीचे वेड आहे, ती गोष्ट उपचारात वापरणे.

भाषेचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. मराठीत आपण भीती शरीरावरून सांगतो: पोटात गोळा आला, जिवाचे पाणी झाले, पायाखालची जमीन सरकली. शब्दाचा शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला "पोटात गोळा आला का रे?" विचारले तर ते खरेच पोट चाचपून "नाही" म्हणेल, किंवा नवीनच धसका घेईल. त्याऐवजी "छाती धडधडते का? हात गार पडलेत का? घसा कोरडा झालाय का?" असे विचारा. आणि शब्द घरचाच हवा. घरात "भ्या वाटतंय" म्हणत असतील तर तक्त्यावरही तेच लिहा. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू असेल, उदगीरकडे कन्नड, नांदेड शहरात उर्दू किंवा पंजाबी, तांड्यावर गोरमाटी. इंग्रजी पुस्तकातून उतरवलेल्या तक्त्यांचा या मुलांना उपयोग होत नाही.

प्रत्यक्षात कसे चालते

एक उदाहरण घेऊ. हे एका विशिष्ट मुलाचे नाही, समजण्यासाठी रचले आहे.

समजा, नांदेडमधला दहा वर्षांचा मुलगा आहे. लाईट जाण्याची त्याला भीती. दिवसभर "लाईट जाणार का?" हा प्रश्न. संध्याकाळी इन्व्हर्टरजवळून हलत नाही, एकटा बाथरूमला जात नाही. लाईट खरेच गेली की कान दाबून ओरडतो, समोर येईल त्याला मारतो. आई दर वेळी सांगते, "नाही जाणार, बाळा." आणि उन्हाळ्यात ती जातेच.

पहिले पाऊल, नेमकी भीती कशाची ते शोधणे. अंधाराची? पंखा थांबल्यावरच्या शांततेची? की कधी जाईल हे माहीत नसण्याची? ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये हे तिसरे कारण फार मोठे असते. अनिश्चितता त्यांना सहन होत नाही. या मुलाचेही तेच आहे असे धरू.

त्याला रेल्वेचे वेड आहे. मग भीती मोजायला एक ते दहा आकडे कशाला? सिग्नल आहेत ना. हिरवा म्हणजे ठीक. दोन पिवळे म्हणजे थोडी धडधड. एक पिवळा म्हणजे मदत हवी. लाल म्हणजे थांबा. नांदेड स्टेशनवर रोज गाड्या पाहणाऱ्या मुलाला हे समजवावे लागत नाही, उलट तोच तुम्हाला क्रम चुकला तर सांगतो. विचार बदलण्यासाठीही रेल्वेच कामी येते: गाडी लेट आहे, रद्द नाही. लाईट गेली आहे, ती येणार आहे.

मग पायऱ्या. पहिल्या दिवशी तो स्वतः बटण दाबून खोलीतला दिवा दहा सेकंद बंद करतो. ते हिरव्यावर आले की एक मिनिट. मग आई सांगून बंद करते. मग "पाच ते सहाच्या मध्ये कधीतरी बंद करणार आहे" असे सांगून. ही पायरी सर्वांत अवघड, कारण खरी भीती इथेच आहे. इथे दोन आठवडे लागले तरी चालतील. मुलाची संमती नसताना, गंमत म्हणून किंवा धडा शिकवायला मेन स्विच पाडू नका. त्याने भीती मोडत नाही, तुमच्यावरचा विश्वास मोडतो.

आणि त्या प्रश्नाचे काय? "नाही जाणार" हे आश्वासन आईने थांबवायचे. ते खोटे ठरते, आणि दर वेळी मिळणाऱ्या दिलाशामुळे प्रश्नही वाढतो. भिंतीवर एक कार्ड लावा: "लाईट जाऊ शकते. गेली तर परत येते. काय करायचे ते मला माहीत आहे." प्रश्न आला की एकदा उत्तर द्या, नंतर फक्त कार्डाकडे बोट दाखवा. पहिले काही दिवस प्रश्न वाढतील. आजी-आजोबांनाही हे आधीच समजावून ठेवा, नाहीतर आई कार्ड दाखवेल आणि आजी मायेने "नाही रे जाणार" म्हणेल.

कुठे ही पद्धत लावू नये

प्रत्येक टाळाटाळ ही चिंता नसते. कुकरची शिट्टी किंवा गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे काही मुलांच्या कानाला खरोखर वेदना देतो. तिथे "सवय कर" म्हणणे अन्याय आहे. कान झाकणारे हेडफोन द्या, लांब उभे राहू द्या. शाळेत मुले चिडवत किंवा मारत असतील तर शाळेची भीती ही योग्य भीती आहे, उपचार शाळेला हवा. दात, कान किंवा बद्धकोष्ठतेचे दुखणे ज्या मुलाला सांगता येत नाही, ते मूलही असेच चिडचिडे दिसते, म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी.

जी मुले बोलत नाहीत किंवा ज्यांना बौद्धिक अक्षमताही आहे, त्यांच्यासाठी पुरावा कमी आहे. वरचे बहुतेक अभ्यास बोलणाऱ्या मुलांचे आहेत. या मुलांसाठी विचारांचे काम बाजूला ठेवून चित्रांचे वेळापत्रक, बदलाची आधी सूचना आणि छोट्या पायऱ्या एवढे घेता येते.

औषधांबद्दल थोडेच. मारहाण थांबावी म्हणून या मुलांना रिस्पेरिडोन दिले जाते. तीव्र चिडचिडेपणात त्याचा उपयोग होतो, पण ते चिंतेचे औषध नाही, आणि त्याने वजन वाढते. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी चिंतेवरची औषधे कधी कधी लागतात. ती कमी मात्रेपासून सुरू करावी लागतात. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका.

नांदेड-लातूरमध्ये काय मागायचे?

दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे आणि लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाचे. मानसोपचार विभाग दोन्हीकडे आहे. लातूरमध्ये उमंग हे ऑटिझमसाठीचे केंद्र आहे. तरीही नांदेडची अनेक कुटुंबे देवगिरी एक्स्प्रेस पकडून हैदराबाद-सिकंदराबादला जातात आणि लातूरची पुण्या-मुंबईला. निदानासाठी एकदा-दोनदा जाणे ठीक. पण सीबीटी ही आठवड्याला एक असे तीन-चार महिने चालते. प्रत्येक सत्रासाठी दोन दिवस आणि एक मजुरी बुडवणे कुणाला परवडणार? आणि प्रवास हाच ज्या मुलाच्या भीतीचा विषय आहे, त्याचे काय? म्हणून उपचार जिल्ह्यातच मिळायला हवा.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि हे फार थोड्या पालकांना माहीत असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम १८. प्रत्येक जिल्ह्यात किमान ज्या सेवा असायला हव्यात त्यांत मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेचे नाव स्पष्ट आहे. ती सरकारी जागी नसेल तर जिल्ह्यातील दुसऱ्या ठिकाणी घ्यावी आणि खर्च सरकारने करावा, असेही त्यात आहे. याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायचे आहे. प्रत्यक्षात बाह्यरुग्ण थेरपीचा खर्च बहुतेक विमा योजना देत नाहीत. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना, एक लाखापर्यंतची, थेरपीचा काही खर्च मर्यादेत देते.

म्हणून एक आग्रहाची सूचना: मुलाला चिंताविकार आहे असे मानसोपचारतज्ज्ञांना वाटत असेल तर ते निदान केस पेपरवर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. कागदावर फक्त "ऑटिझम" असेल तर तुमचे मूल दिव्यांग हक्कांच्या कायद्यात बसते. तीव्र चिंताविकाराचे निदान लिहिले गेले तर मानसिक आरोग्याच्या कायद्याचाही आधार घेता येतो. शाळेशी बोलतानाही फरक पडतो. "हट्टी आहे" म्हणणाऱ्या शिक्षकांना तो कागद दाखवता येतो.

तज्ज्ञ कमी आहेत हे खरे, पण फक्त तज्ज्ञांचीच वाट पाहणे बरोबर नाही, असे माझे मत आहे. गोव्यात संगात संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडी येथे ऑटिझम असलेल्या ६५ मुलांच्या पालकांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांना शिकवले, आणि पालक-मुलांमधला संवाद सुधारला. तो अभ्यास संवादाचा होता, चिंतेचा नव्हे. तरी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समुपदेशकांना अशाच पद्धतीने, मराठी तक्त्यांसह, हे काम शिकवता येण्यासारखे आहे. पालकांच्या गटाने जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी मागणी करायला हरकत नाही.

थेरपिस्टकडे जाताना काही गोष्टी थेट विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? भीतीच्या पायऱ्या करता का, की फक्त बोलता? मला सत्रात बसू द्याल का? घरी काय करायचे ते लिहून द्याल का? "मुलाला आत सोडा, तासाभराने न्या" एवढेच उत्तर असेल तर दुसरा विचार करा. ऑनलाइन सत्रे चालतात, मूल पडद्यासमोर बसत नसेल तर फक्त पालकांची सत्रेही उपयोगी पडतात.

"मुळापासून बरा करू" म्हणत कोणी स्टेम सेल सुचवले तर पैसे देऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी त्याची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे. त्या रकमेत तीन-चार महिन्यांची सीबीटी कितीतरी वेळा होईल.

मूल जेवणे सोडत असेल, स्वतःला इजा करत असेल, मरण्याबद्दल बोलत असेल किंवा काही आठवडे घराबाहेरच पडले नसेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन या. रात्री-अपरात्री बोलायचे असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.